बंद कॉक, रिकामी टाकी

१

कपाटावरची नेलपॉलिशची बाटली नाहीशी झाली, तेव्हा चोर शोधायला वकिलाला फार डोकं चालवावं लागलं नाही. ती तडक अंगण ओलांडून गॅरेजमध्ये गेली. बाबा गाडीच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरले होते आणि त्यांच्या खिशातून बाटलीचं काळं टोपण डोकावत होतं.

वकील हे तिचं घरातलं नाव. नोकरी ग्रंथालयात, कोर्टाशी संबंध आला असेल तर तो पुस्तकांतूनच. पण लहानपणापासून एखादा प्रश्न दाताखाली धरला की तो सोडायचाच नाही, ही तिची खोड बघून बाबांनी ते नाव चिकटवलं आणि ते चिकटलंच.

"पांढरा रंग संपला," बाबा मान न वळवता म्हणाले. "आणि हा उठून दिसतो."

दिसत होता खरा. बाबांची एक जुनी सवय होती. नट आवळून झाला की त्याच्यावरून खालच्या जोडापर्यंत ते रंगाची एक बारीक रेघ ओढत. रेघ सलग असेल तर नट जागच्या जागी आहे. कोणी केसभर जरी फिरवला तरी रेघ तुटणार. आता गाडीतल्या प्रत्येक नव्या जोडावर वकिलाच्या आवडत्या गडद लाल रंगाची रेघ झळकत होती. नखांवर लावला असता तर वर्षभर पुरला असता, असं तिने ऐकवलं.

गाडी बुटकी, जुनी, आतून सगळी सोललेली. चालकाची तेवढी एक सीट. दरवर्षी चढणीची शर्यत असे आणि तीत बाबांनी बांधलेली गाडी काका चालवत. यंदा बाबांनी एक नवीन प्रकरण मनावर घेतलं होतं. चढणीवरच्या वळणात गाडी जोरात वळली की इंजिनाच्या खालच्या चेंबरमधलं ऑइल एका अंगाला पळतं, पंपाच्या तोंडी नुसती हवा येते आणि बेअरिंगं कोरडी पडतात. त्यावर उपाय म्हणून चालकाशेजारच्या रिकाम्या जागेत त्यांनी एक लांबट टाकी बसवली होती. टाकीत मधोमध दट्ट्या. एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला ऑइल. इंजिन चालू असताना पंप टाकीत ऑइल भरतो, आणि पंपाचा दम तुटला की टाकीतली हवा तेच ऑइल ढकलून इंजिनाला देते. टाकीच्या तोंडाशी एक कॉक, चालकाच्या हाताशी.

"ऑइल एकच, घरं दोन," बाबा म्हणाले. "चेंबरमध्ये असेल तेव्हा टाकीत नाही, टाकीत असेल तेव्हा चेंबरमध्ये नाही. कळलं का?"

"कळलं. बाटली द्या."

"अजून एक जोड राहिलाय."

"त्याला खडूने काढा रेघ." तिने त्यांच्या खिशातून बाटली काढून घेतली.

संध्याकाळी सगळ्यांना बोलावणं आलं. काका स्वतःच्या घरी होते, म्हणून सीटवर बसायचं आईच्या माथी आलं. आई शिवणकाम अर्धवट टाकून, गळ्यात टेप तशीच, कुरकुरत आली. पाय पोचेनात म्हणून तिने सीट थेट पुढे ओढली. बाबांनी इंजिन चालू करवलं, टाकी भरू दिली, इंजिन जरा रेसवर असतानाच कॉक बंद करायला लावला आणि मग इंजिन बंद करवलं.

"आता उघड कॉक. किल्लीला हात लावू नकोस."

आईने कॉक उघडला. इंजिन गप्प होतं, तरी समोरच्या गेजचा काटा शून्यावरून उठला, चढत गेला आणि उभा राहिला.

"सुरू व्हायच्या आधीच त्याच्या पोटात गेलं बघ," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता. मग लेकीकडे वळून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "कसं झालंय?"

या घरात कौतुकाचा कळस एकाच शब्दावर थांबत असे. आईची भाजी असो, वकिलाचा निकाल असो, बाबा म्हणत, चालेल. वकीलही तेच म्हणाली.

"चालेल."

बाबा हसले. आईला त्यांनी उठवलं, सीट स्वतःच्या लांब पायांसाठी पार मागे सरकवली, इंजिन चालवून टाकी पुन्हा भरली, कॉक बंद केला आणि गाडी भिंतीशी नीट लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत.

२

गॅरेजचं दार त्यानंतर काकांनी उघडलं ते शर्यत अगदी तोंडावर आल्यावर. येत्या रविवारी गाडी चढणीवर न्यायची, दादाच्या नावाने न्यायची, असं काकांनी ठरवलं होतं.

काका आठवडाभर शाळेची बस चालवत, इतकी सावकाश की पोरं खिडकीतून फुलपाखरं मोजत. वर्षातून एक दिवस मात्र ते वेगळेच असत. त्यांच्यासोबत पाहुणे होते. पाहुणे म्हणजे शेजारच्या शेडमधले लेथवाले. कधीकाळी एका दिवसाच्या कामासाठी आले, ते परत गेलेच नाहीत. नाव मात्र तेच राहिलं.

कव्हर काढतानाच काका वैतागले. चारही कोपरे चाकांखाली असे घट्ट दुमडून खोचले होते की ओढताना त्यांचा तोल गेला. पाहुण्यांनी बॉनेट उघडलं, डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बाहेर काढली आणि ती बराच वेळ बघत राहिले. ऑइल वरच्या खुणेच्याही पुष्कळ वर होतं.

वकील दारात उभी होती. ऑइल एकच, घरं दोन, हे तिला आठवलं आणि तिने वाकून टाकीवरचं छोटं गेज पाहिलं. काटा तळाशी. टाकीत फक्त हवेचा मूळ दाब उरला होता. ऑइलचा थेंब नाही.

"बाबांनी भरून ठेवली होती," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत."

"आणि कॉक?" काकांनी विचारलं.

कॉक बंद होता. अगदी पूर्ण, बाबांनी ठेवला होता तसाच.

बंद कॉकच्या आडून सगळं ऑइल इंजिनात गेलं होतं आणि तिथून पाझरून चेंबरमध्ये जाऊन बसलं होतं. काकांनी मग जे सांगितलं ते अगदी हळू आवाजात सांगितलं. दादाचा हात सोन्याचा होता, पण माणूस थकला होता, हे शेवटचं काम त्याच्याकडून नीट झालेलं नाही. कुठेतरी गळतंय. आपल्याला दोन मुलं आहेत. ज्या जोडणीचा भरवसा नाही ती घेऊन आपण त्या वळणांवर जाणार नाही. शनिवारी टाकी काढायची, पाइप सरळ जोडायचा आणि मागल्या वर्षीसारखं धावायचं.

त्यांचं चुकत नव्हतं. पण बाबांचं शेवटचं काम शनिवारी भंगारात जाणार होतं आणि वर कायमचा शिक्का बसणार होता: थकला होता, चुकला.

"शनिवारपर्यंत मला वेळ द्या," ती म्हणाली.

"करणार काय तू?"

"पुस्तकांत करतात तेच. प्रश्न विचारणार."

सगळे गेल्यावर ती टॉर्च घेऊन गाडीत शिरली आणि एकेक जोड तपासू लागली. गडद लाल रेघा सगळीकडे सलग होत्या. शेवटचा जोड फिल्टरजवळचा होता. तिथे टॉर्चचा उजेड पडला आणि ती थबकली.

ती रेघ लाल नव्हती. फिकी गुलाबी होती.

३

पाहुणे लेथवर होते. वकिलाने सरळ विचारलं, की वन-वे वॉल्व्हवरची गुलाबी रेघ कोणाची?

हा वॉल्व्ह फिल्टरजवळ, पंपाकडून येणाऱ्या पाइपात होता. ऑइल पंपाकडून इंजिनाकडे जाऊ द्यायचं, उलट फिरू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. टाकीचा पाइप त्याच्या पुढे जोडलेला, म्हणजे टाकीतलं ऑइल पंपाकडे परत न पळता इंजिनालाच मिळतं.

पाहुण्यांनी लेथ बंद केली, हात पुसले, चष्मा पुसला, पुन्हा हात पुसले. एखादं उत्तर द्यायला ते एरवीही वेळ घेत, पण आज जरा जास्तच लागला.

"तो जोड नंतर उघडलाय, असं तुझं म्हणणं."

"नाही," वकील म्हणाली. "माझी बाटली मी दुपारी काढून घेतली. तेव्हा एक जोड बाकी होता. म्हणजे गुलाबी रेघ दुपारनंतरची आणि आमच्या समोर इंजिन चालू केलं त्याच्या आधीची, कारण रेघ ओढल्याशिवाय बाबा इंजिन चालू करत नसत. त्या वेळात गॅरेजमध्ये बाबा आणि तुम्ही. आणि गुलाबी रंग तुमच्या घरचा असणार, कारण आमच्या घरात तो कोणाला चालत नाही."

पाहुणे हसले. मग बोलले ते भडाभडा. वॉल्व्ह त्यांनीच बसवला होता आणि उलटा बसवला होता. अंगावर एवढा मोठा बाण कोरलेला, तो इंजिनाकडे हवा तर यांनी पंपाकडे केला, कारण बसवताना ते बाबांशी, त्यांच्या मिस्त्रींशी, वाद घालत होते. मिस्त्रींनी प्लग काढून इंजिन नुसतं स्टार्टरवर फिरवून बघितलं, काटा हलेना, आणि त्यांनी बाणावर बोट ठेवलं. जोड उघडला, वॉल्व्ह फिरवला, पुन्हा आवळला. रेघेला रंग नव्हता, म्हणून पाहुण्यांनी बायकोची बाटली आणली.

"वहिनींना आणि तुझ्या काकांना सांगू नका म्हणालो. मिस्त्री म्हणाले, 'कशाला सांगू? तुम्ही पाहुणे, तुमचा मान राखायला हवा.' आणि पोट धरून हसले." पाहुण्यांनी चष्मा पुन्हा काढला. "ते शेवटचं हसताना बघितलं मी."

वकिलाने मग विचारलं, की त्यानंतर त्यांनी दार उघडलं होतं का. नाही म्हणाले. किल्ली होती, पण लेथच्या खणात पडून होती, वर लोखंडाचा बुरा साचलेला. त्यांनी खण उघडून दाखवला. खरोखरच साचलेला होता.

रेघ सगळीकडे सलग, बाण बरोबर दिशेला. जोडणीत खोट नव्हती. राहिला एकटा कॉक. तो आतून गळत असेल, तर काका खरे ठरणार होते.

४

"गळतो की नाही, ते त्यालाच विचारू," वकील दुसऱ्या दिवशी म्हणाली. "टाकी भरायची, कॉक बंद करायचा, रात्रभर ठेवायचं. दाराला मी माझं नवीन कुलूप लावते. किल्ली एकच, ती माझ्या उशाखाली."

काका तयार झाले, पण त्यांची एक शंका होती. कोणीतरी वरून जास्तीचं ऑइल ओतलं असेल तर? पाहुण्यांनी समजावलं, की टाकी भरली की चेंबरमधली पातळी उतरेल आणि मिस्त्रींनी डिपस्टिकवर कानशीने घासून केलेल्या खुणेशी येऊन थांबेल. नाही थांबली तर ओतलंय.

काका सीटवर बसायला गेले आणि अर्ध्यातच अडकले. गुडघे स्टिअरिंगला, हनुवटी गुडघ्यांना.

"ही सीट कुणी पुढे ओढली?" ते तसेच अडकून ओरडले. शाळेच्या बसमध्ये पहिलीतलं पोर बसवलंय असं दिसत होतं. पाहुण्यांना हसू आवरेना.

वकीलही हसली, पण तिच्या डोक्यात काहीतरी टोचून गेलं.

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. टाकीचा काटा चढला. रेस, कॉक बंद, इंजिन बंद. डिपस्टिक बाहेर आली तेव्हा ऑइल बाबांच्या खुणेशी होतं, ना वर ना खाली. कोणी काही ओतलेलं नव्हतं.

काकांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला जाताना तिने त्यांनाही विचारलं, की त्यांची किल्ली कुठे असते. बसमध्ये, आरशाला लटकवलेली, म्हणाले. थोडं चालल्यावर आपणहून पुढे बोलले. शाळेची पोरं सोडून झाली की रोज बस गल्लीच्या तोंडाशी थांबवत होते. दारापर्यंत यायचं आणि कुलूप बघून परत जायचं. "ते उघडलं की आत दादा नाही, हे पक्कं झालं असतं," ते म्हणाले आणि लगेच आवाज बदलून, वकीलबाईंनी आता केस आवरती घ्यावी, भूक लागली, असं बजावलं.

सकाळी तिघं मिळून दारात आले. कुलूप जसंच्या तसं. वकिलाने टाकीवरच्या गेजवर टॉर्च धरला.

काटा होता तिथेच होता. तसूभरही उतरला नव्हता.

काका कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. "म्हणजे दादाचं काम पक्कं आहे."

"पक्कं आहे," वकील म्हणाली. "ऑइल आपोआप गेलेलं नाही. कोणीतरी आत आलं, कॉक उघडला, टाकी रिकामी होऊ दिली आणि कॉक पुन्हा बंद करून गेलं."

काकांनी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्यांनी काकांकडे.

५

चोर कॉक पुन्हा बंद कशाला करेल, हा प्रश्न ती घरात घेऊन आली. ज्याला गाडी बिघडवायची आहे तो उघडून पळेल. बंद तो करेल, ज्याला कोणीतरी शिकवलंय: काम झालं की कॉक बंद.

आई पलंगावर चादर घालत होती. हाताने सुरकुत्या काढल्या, एक कोपरा उचलला, तिरपा दुमडला आणि गादीखाली घट्ट खोचला. मग दुसरा. वकील दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिली. तिसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिचं उत्तर तयार झालं होतं.

चाकांखाली खोचलेले कव्हरचे कोपरे. बाबा आणि काका कव्हर नुसतं भिरकावत. बुटक्या माणसासाठी पुढे ओढलेली सीट. आणि वकील स्वतः तर बाबांसारखी उंच. गॅरेजची किल्ली, जी कोणाकडून मागून घ्यायची गरजच नव्हती, कारण ती स्वयंपाकघरात खिळ्याला असते.

पुस्तकांत या जागी गुप्तहेर बोट रोखतात. वकिलाने चौथा कोपरा खोचायला हात लावला.

"गाडीत जाऊन बसली होतीस?"

आईचे हात थांबले. "तुला कोणी सांगितलं?"

"या चादरीने."

आई पलंगाच्या कडेला बसली. मग तिने सगळं सांगितलं. दुपारी घर फार मोकळं वाटायचं. यांचा आवाज नाही, ठोकाठोक नाही, तीस वर्षं ज्या आवाजाबद्दल तक्रार केली तोच नाही. एक दिवस ती जाऊन सीटवर बसली. पाय पोचेनात म्हणून सीट पुढे ओढली. यांनी शिकवलं होतं, किल्लीला हात लावू नकोस, कॉक उघड. तिने उघडला.

"काटा उठला गं. तस्साच. मला वाटलं, आहेतच इथे कुठेतरी, बॉनेटखाली. मग तो हळूहळू खाली यायला लागला. मी कॉक बंद केला, पण तोवर शून्यावर बसला होता." तिने चादरीवरची नसलेली सुरकुती पुसली. "यांनी स्वतःच्या हाताने भरून ठेवलेलं होतं. मी सांडून टाकलं. परत कसं भरायचं ते मला येत नव्हतं. कव्हर घातलं आणि आले. भाऊजी टाकी काढायचं म्हणाले तेव्हा सांगणार होते, पण तोंडच उघडेना."

वकील तिच्या शेजारी बसली. या घरात मिठ्या मारायची पद्धत नव्हती. तिने खांदा खांद्याला लावला.

"सांडलं नाही, आई. चेंबरमध्ये जाऊन बसलं होतं. तेच ऑइल, तीच टाकी. काल पुन्हा भरली. थेंबसुद्धा कमी झालेला नाही."

आईने तिच्याकडे संशयाने पाहिलं. "मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?"

"बाबांची खूण आहे डिपस्टिकवर. दाखवू?"

६

शनिवारी गॅरेजमध्ये सगळे जमले. वकिलाने त्यांना पुस्तकातल्यासारखं ओळीने बसवलं होतं: काका टायरवर, पाहुणे उलट्या डब्यावर, आई शिवणाच्या स्टुलावर, जे ती घरून स्वतः घेऊन आली होती. वकिलाने लाल रेघांपासून सुरुवात केली, गुलाबी रेघेवरून मुद्दाम पटकन पुढे सरकली, रात्रभर उभा राहिलेला काटा सांगितला आणि सीटवर आली. तिथे आईने तिला थांबवलं.

"पुरे. मीच सांगते," ती म्हणाली आणि तिने सांगितलं.

काका उठले. म्हणाले, वहिनी, पुढच्या वेळी बसलात तर सीट मागे करून जात जा, माझे गुडघे अजून दुखतायत. आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. पाहुण्यांना इतकं मोकळं वाटलं की न विचारता त्यांनी उलट्या बाणाची गोष्टही सगळ्यांसमोर सांगून टाकली, आणि काकांना वर्षभर पुरेल एवढा मालमसाला मिळाला.

टाकी काढायची गोष्ट कोणी पुन्हा काढली नाही.

रविवारी सकाळी गाडी अंगणात उभी होती. काका हेल्मेट काखेत धरून बाजूला थांबले आणि सीटकडे हात करून म्हणाले, "वहिनी, आधी तुम्ही."

आई बसली. सीट पुढे ओढली. वकील खिडकीतून आत वाकली. खालच्या नटावरची रेघ तिच्या नखांना मॅचिंग होती. बाटलीत उरलेलं सकाळीच लावून आली होती.

"किल्लीला हात लावू नकोस," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," आई म्हणाली आणि तिने कॉक उघडला.

काटा शून्यावरून उठला. चढत गेला. उभा राहिला. पाहुणे बॉनेटशी, काका दाराशी उभे होते. मग काटा परत उतरायच्या आत आईने काकांना खूण केली, काकांनी बाहेरूनच हात घालून किल्ली फिरवली आणि इंजिन गरजलं.

अंगण त्या आवाजाने भरून गेलं. आईने कानांवर हात ठेवले नाहीत. तिने मान वळवून लेकीकडे पाहिलं आणि आवाजावर आवाज चढवून विचारलं, बाबा विचारत तसंच.

"कसं झालंय?"

वकिलाच्या ओठांवर नेहमीचा शब्द आला. तो तिने गिळला. बॉनेटवर तळहात ठेवला, खाली सगळं थरथरत होतं, गरम होत होतं, आणि ती मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"सुंदर झालंय, बाबा."